तांब्याची लाइन बंद होणार म्हणतात: नंबर, नेट आणि आखाड्यावरचा फोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या मोंढ्यात वडिलांच्या वेळचं आडत दुकान. लँडलाइन जुनी, आणि गेली बरीच वर्षं त्याच तारेवर ब्रॉडबँड. आता कंपनीच्या माणसाने निरोप दिलाय की तांब्याची लाइन बंद होणार, फायबर घ्या नाहीतर सरेंडर करा. हिशोबपट्टीवर, दुकानाच्या पाटीवर आणि शेतकऱ्यांच्या डायऱ्यांमध्ये तोच नंबर आहे. भावाची वेगळी लाइन आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी आहे, एक्स्चेंजपासून तारेने चारेक किलोमीटर. नंबर राहील का, खाजगी कंपनीचं नेट घ्यावं का, आखाड्यावर काय करायचं, आणि दाद कुठे मागायची?

आधी उत्तर, मग कारणं. फायबर घ्या, तांब्याला धरून बसण्यात आता काही राहिलेलं नाही. पण तुमचा जुना नंबर फायबरवर वाजेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका. मी एक्स्चेंजमध्ये तांब्याच्या जोड्या जोडण्यापासून आता फायबर ओढण्यापर्यंतची कामं याच भागात केली आहेत. लोकांचं नुकसान होतं ते कंपनी चुकीची निवडल्यामुळे क्वचित, कामांचा क्रम उलटा केल्यामुळे बहुतेक वेळा.

तुमच्या दुकानात येणाऱ्या दोन तारांवर दोन कामं एकाच वेळी चालतात. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात चालतं, आणि नेट साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर, एडीएसएल २ प्लस या तांब्यावरच्या नेटच्या पद्धतीत २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. भिंतीवर जी छोटी पांढरी डबी आहे, एकीकडे फोन आणि एकीकडे मोडेम लावलेली, तो स्प्लिटर. तो ही दोन कामं वेगळी करतो. एक्स्चेंजच्या टोकालाही तसाच स्प्लिटर असतो. तिथून बोलणं स्विचकडे जातं आणि नेट डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे. त्याआधीच्या डायल-अपमध्ये नेट लावलं की फोन एंगेज लागायचा. ती कटकट या पद्धतीने गेली, आणि नवी तार न ओढता घरोघरी नेट पोचलं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत सुरू झालं. तेव्हा सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएस. म्हणजे भावाच्या आखाड्यावर आज जे येतंय ते कागदोपत्री ब्रॉडबँड आहे की नाही, इथूनच शंका.

आखाड्यावर नेट का रांगतं, ते यात आलं. वरच्या पट्ट्यातले सिग्नल तांब्यात लवकर विरतात. एक्स्चेंजच्या आसपास एडीएसएल २ प्लसवर २० एमबीपीएसच्या पुढे मिळू शकतं, कागदावर कमाल २४. चार किलोमीटरवर, मधल्या पाच-पंचवीस जॉइंटांसकट, तीन-चार मिळाले तरी नशीब. खात्री करायची असेल तर मोडेमचं पान उघडा. बहुतेकांत ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की उघडतं. तिथे एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे तारेतल्या गोंगाटावर सिग्नल किती वरचढ आहे तो आकडा. ते ६ डेसिबलच्या खाली असेल तर नेट सारखं तुटणारच, मोडेम कितीही नवा घ्या. फोनवर खरखर येत असताना नेटही तुटत असेल, तर दोष तारेत आहे आणि तो मोडेम बदलून जाणार नाही.

आणि तार आपल्या मातीत आहे, हे विसरून चालणार नाही. काळी कापसाची जमीन मे महिन्यात हात जाईल इतकी फाटते आणि मृगात फुगते. दरवर्षी ही ओढाताण केबलच्या जॉइंटवर होते. एकदा जॉइंटमध्ये पाणी गेलं की शंभर जोड्यांपैकी कोणत्या कधी बोलेनाशा होतील ते सांगता येत नाही. त्यावर रस्ता रुंदीकरण, नळयोजनेचे पाइप, प्रत्येक ठिकाणी जेसीबी. फायबर तुटलं तर यंत्रावर एकेक तंतू जोडून माणूस तासा-दोन तासांत उठतो. दोनशे जोड्यांची केबल तुटली तर खड्ड्यात बसून दोनशे वेळा रंग जुळवत बसावं लागतं, आणि ते काम हाताने करणारी माणसं आता उरली नाहीत. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलमधून ७८ हजारांवर लोक बाहेर पडले, ३१ जानेवारी २०२० ला. पिलरमधली, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडण्यांच्या पेटीतली, कोणती जोडी कुणाच्या घरी जाते हे डोक्यात ठेवणारे लाइनमन त्यातच गेले. तांब्याला भाव आहे म्हणून चोऱ्या होतात, डीस्लॅमची कार्डं मिळत नाहीत. म्हणून कंपन्या दुरुस्तीऐवजी लाइन काढून टाकायचा मार्ग धरतात. हे आपल्याकडेच चाललंय असंही नाही. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे.

मधे एक प्रश्न लोक नेहमी विचारतात: तार तीच ठेवून दुसऱ्या कंपनीचं नेट त्यावर घेता येणार नाही का? येणार नाही. बाहेर काही देशांत ही सोय होती. अमेरिकेत १९९९ मध्ये तिथल्या नियामकाने जुन्या टेलिफोन कंपन्यांना तारेचा वरचा पट्टा प्रतिस्पर्ध्यांना द्यायला लावला, आणि २००३ मध्ये तो आदेश मागे घेतला. मग त्या ग्राहकांपुढेही तुमच्यासारखाच प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामकाने, २००४ मध्ये तशी शिफारस केली होती, पण त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती बंधनकारक केली नाही. कंपन्यांनी आपसांत ठरवावं असं म्हणून सोडून दिलं. आपसांत काही ठरलं नाही. म्हणून आपल्याकडे कंपनी बदलायची म्हणजे दारात नवी वायर नाहीतर छतावर नवी डबी.

आता नंबर. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, नेट त्यामानाने सोपं.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ती सोय देशभर २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. तुमचा ०२४५२ चा नंबर ज्या कंपनीचा, तिच्याकडेच राहणार. खाजगी कंपनीचा माणूस ‘लँडलाइन फ्री’ म्हणतो तेव्हा तो नवा नंबर देत असतो. तुमचा नंबर टिकवायचा एकच मार्ग आहे: त्याच कंपनीच्या फायबरवर रूपांतर. अर्ज करताना शब्द नीट बघा. ‘तांब्यावरून फायबरवर रूपांतर, आहे तोच नंबर कायम ठेवून’ असं अर्जात लिहिलेलं पाहिजे. नवीन फायबर कनेक्शनचा अर्ज आणि जुन्या लाइनचा सरेंडर अर्ज असे दोन वेगळे कागद समोर ठेवले गेले तर थांबा. सरेंडर झालेला नंबर पुन्हा मिळवणं फार अवघड. फायबर टाकणारा मुलगा बहुतेक कंपनीचा नोकर नसतो, स्थानिक भागीदाराचा असतो. त्याला नवीन कनेक्शन टाकायची सवय असते, रूपांतराची प्रक्रिया थोडी लांब असते, आणि तो सोपी वाट धरतो. त्याच्यावर रागावण्यापेक्षा कागद आपण वाचावा.

त्याआधीचं एक काम आजच करा. बिल काढा आणि नाव बघा. मोंढ्यातल्या निम्म्या जुन्या लाइन वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर चालतात, बिल भरलं जातं म्हणून कुणी बघत नाही. रूपांतराच्या वेळी ओळखपत्र मागितलं जातं आणि तिथे गाडी अडते. ज्यांच्या नावावर लाइन आहे ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि तुमचं ओळखपत्र घेऊन आधी नाव बदलून घ्या. हे तांब्याची लाइन जिवंत असतानाच करायचं. लाइन बंद पडल्यावर मयत माणसाच्या नावावरचा बंद नंबर जिवंत करायला गेलात तर दोन्ही टेबलांवरून एकमेकांकडे पाठवतील. थकबाकी शून्य करा, पावती ठेवा. दुकान भागीदारीत असेल आणि लाइन फर्मच्या नावावर हवी असेल तर तेही याच वेळी उरकून घ्या.

रूपांतर झालं की फोन कसा चालतो ते समजून घ्या, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. फायबरच्या डबीला, म्हणजे ओएनटीला, फोनचं एक भोक असतं. तुमचा जुना बटणांचा फोन त्यातच लागतो. बोलणं आता आकड्यांच्या रूपात नेटच्याच वाटेने जातं. ओएनटीवर फोनचा दिवा स्थिर लागला म्हणजे नंबर नोंदला गेला. हा दिवा लागल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवरून नंबर लावून बघा, मग इथून बाहेर लावून बघा. दोन्ही बाजूंनी आवाज नीट ऐकू आला तरच काम झालं म्हणा. एकाच बाजूने आवाज येणं हा या पद्धतीतला नेहमीचा आजार आहे, आणि तो माणूस जिना उतरायच्या आत दाखवलेला बरा. वरच्या मजल्यावर समांतर फोन असेल तर त्याची तार आता ओएनटीपासून ओढावी लागेल. गोल डायलचा जुना फोन वाजेल, बोलताही येईल, पण बहुतेक ओएनटीवर त्यावरून नंबर लागत नाही. फॅक्स कुणाकडे चालू असेल तर तो या वाटेने भरवशाचा नाही. इपीएबीएक्स, म्हणजे दुकानातल्या दुकानात फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज असेल तर तो लावणाऱ्याला त्याच दिवशी बोलावून घ्या.

दुसरी मोठी गोष्ट विजेची. तुम्हाला आठवत असेल, गावात वीज नसली तरी लँडलाइन चालू असायची. त्या फोनला वीज लागायची नाही असं नाही, ती एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून याच तांब्यातून ४८ व्होल्टवर यायची. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. महावितरणची लाइन गेली की तुमचा ओएनटी बंद, फोनही बंद. ब्रिटनच्या नियामकाने केवळ लँडलाइनवर अवलंबून असलेल्यांसाठी वीज गेल्यावर किमान तासभर तातडीचा फोन लागलाच पाहिजे, अशी सोय कंपन्यांवर टाकली आहे. आपल्याकडे ते आपणच बघायचं. दुकानात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचं सॉकेट त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या, पण ओएनटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, सगळे नसतात. कमी अँपिअरचा यूपीएस लावला की डबी चालू दिसते आणि वायफायवर चार मोबाइल आले की बसते. मग लोक कंपनीला शिव्या देतात.

इतकं करूनही वीज गेल्यावर नेट गेलं, तर दुसऱ्या टोकाचं काय हे विचारा. फायबरच्या त्या टोकाला ओएलटी असतो, म्हणजे सगळ्या घरांचे ओएनटी ज्याला जोडलेले असतात ते कंपनीकडचं यंत्र. तो पूर्वी फक्त एक्स्चेंजमध्ये असायचा, आता तालुक्याच्या गावात एखाद्या भागीदाराच्या गाळ्यात, जिन्याखाली, पत्र्याच्या खोलीतही सापडतो. कनेक्शन घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: तुमचा ओएलटी कुठे आहे आणि त्याला बॅटरी किती तासांची? उत्तर देणारा माणूस जागेचं नाव आणि बॅटरीचा आकडा पटकन सांगतो की ‘काळजी करू नका’ म्हणतो, यावरून मला बरंच कळतं.

खाजगी कंपनी की सरकारी, यावर माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. जाहिरातीतल्या एमबीपीएसवर अजिबात जाऊ नका. फायबरचं सर्वसाधारण गणित सगळीकडे सारखंच आहे. जीपॉन या घरोघरी फायबर वाटायच्या पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टवरून खाली, म्हणजे घरांकडे, सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर १.२५ जीबीपीएस क्षमता निघते आणि ती प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तांब्याची जोडी तुमच्या दुकानापासून एक्स्चेंजपर्यंत एकट्या तुमची होती. फायबरमध्ये तुम्ही शेजाऱ्यांबरोबर वाटेकरी आहात. पण संध्याकाळी सात-आठला नेट मंद होतं ते सहसा या वाटणीमुळे नाही. स्थानिक माणसाने वरून विकत घेतलेली लाइन त्याच्या गिऱ्हाइकांना पुरत नाही म्हणून होतं. हे तपासायचं तर त्याच्याच एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी रात्री साडेआठला जाऊन बघा. सकाळी अकराला दाखवलेल्या स्पीड टेस्टला काही अर्थ नाही.

दुकानाच्या गल्लीतून केबल कशी येते तेही वर मान करून बघा. आपल्याकडे फायबर बहुतेक खांबांवरून लोंबत येतं. ऊसतोडीच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्या, कापसाच्या गाड्या, गणपतीच्या मिरवणुका, आणि हो, माकडं. मोंढ्याच्या तोंडाशी जिथे ट्रक वळतात तिथे वायर खाली आलेली असेल तर ती वर्षातून चारदा तुटणार. ती भिंतीच्या कडेने, पाइपातून घ्यायला सांगा. शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. वायर वाकवताना काटकोनात दुमडू देऊ नका, आत काच आहे. कनेक्शन झाल्यावर त्या मुलाच्या मीटरवर प्रकाशाची पातळी किती ते विचारा आणि ओएनटीच्या मागे पेनाने लिहून ठेवा. उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेलं की कडेला आलंच. पुढे कधी लाल दिवा लागला तर तार तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय, राउटर बंद-चालू करत बसू नका. आणि लाल दिवा नसून नेट मंद असेल तेव्हा हाच लिहिलेला आकडा कामाला येतो: पातळी घसरली असेल तर दोष वायरचा, नसेल तर वरचा.

फायबरचा एक फायदा विक्रेते सांगत नाहीत आणि मला तो मोठा वाटतो. वळवाच्या पावसात तांब्याच्या तारेतून वीज येऊन मोडेम जळायचे, कधी कॉम्प्युटरचं कार्डही जायचं. काचेतून ते होत नाही. फक्त वायरबरोबर आधाराला स्टीलची तार असेल तर ती घराबाहेरच बांधून आत फक्त काच घ्यायला सांगा.

माझा सल्ला असा: दुकानासाठी नंबर असलेल्या कंपनीचंच फायबर, सगळ्यात स्वस्त योजना, नंबर टिकवण्यासाठी. धंदा नेटवरच चालत असेल, ऑनलाइन लिलावाचे भाव, जीएसटी, बँक, सगळं, तर दुसरी एक वाट ठेवा. ती दुसऱ्या फायबरचीच पाहिजे असं नाही. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर ट्रॉली दोघांनाही घेऊन जाते. छतावरच्या डबीचं ५जी नेट, जे २०२३ पासून एअरफायबर या नावाने विकलं जातं, किंवा सिमकार्डचा साधा राउटर ही खरी वेगळी वाट. ५जी टॉवर जवळ असेल तर चांगलं चालतं. गर्दीच्या टॉवरवर संध्याकाळी तेही दमतं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर असेल तर एक लक्षात घ्या. नव्या जोडण्यांमध्ये तुम्हाला स्वतःचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुमचा पत्ता, बहुतेक मिळत नाही. घरून कॅमेरे बघायला कॅमेरा कंपनीचं मोबाइल ॲप वापरत असाल तर अडचण नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून थेट डीव्हीआरला जोडून बघत असाल तर ते बंद पडेल, किंवा स्थिर आयपीचे वेगळे पैसे मोजावे लागतील.

पैशाचं पटकन सांगतो. सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. ओएनटी भाड्याने की विकत, कनेक्शन मधेच सोडलं तर काय कापणार, आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहतो, ही तीन उत्तरं कागदावर घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरून सवलत मिळते, पण पहिल्या वर्षी भरू नका. दोन-तीन महिने त्या माणसाची सेवा बघा, मग ठरवा.

आता आखाडा. तिथे लाइन पूर्वी कुणीतरी मेहनतीने नेली असणार, आता ती दुरुस्त होईल अशी आशा ठेवू नका. अंतर फायबरला अडचणीचं नाही, जीपॉन २० किलोमीटरपर्यंत जातं. अडचण खर्चाची असते: एका घरासाठी चार किलोमीटर वायर कुणी ओढत नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. गावोगाव फायबर नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेची, म्हणजे आपल्या राज्यात काही जिल्ह्यांत महानेट नावाने झालेल्या कामाची, वायर गावापर्यंत आलेली असू शकते. ती चालू असेल आणि तिथून आखाडा एक-दीड किलोमीटरवर असेल तर भागीदार तयार होतो, विशेषतः वाटेत आणखी चार-पाच आखाडे घेणारे असतील तर. ही चार-पाच नावं तुम्ही स्वतः गोळा करून द्या. एकट्याच्या अर्जाला ‘बघतो’ म्हणतात, पाच जणांच्या अर्जाला माणूस बघायला येतो.

ते जमलं नाही तर सिमचा राउटर, पण तो खिडकीत ठेवून नाही. पत्र्याच्या घरात सिग्नल मरतो. बाहेरच्या अँटेनाचा राउटर घ्या, दोन-तीन कंपन्यांची सिम मोबाइलमध्ये घालून गच्चीवर, विहिरीपाशी, गोठ्यावर चढून वेग मोजा, जिथे चांगला तिथे पाइप रोवा. तिसरा मार्ग हौशी लोकांचा आहे आणि मला स्वतःला आवडतो. गावातल्या घरी किंवा दुकानाच्या गच्चीवर फायबर असेल आणि तिथून आखाडा डोळ्यांना दिसत असेल, तर दोन छोट्या डिश समोरासमोर लावून ५ गिगाहर्ट्झवर नेट नेता येतं. २०१८ पासून या पट्ट्यातल्या ठरलेल्या भागात, ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत, परवान्याशिवाय चालवता येतं. चार किलोमीटर या उपकरणांना जास्त नाही. मधे कडुलिंब किंवा आंब्याचं झाड आलं की खेळ संपला. हिवाळ्यात मधे ऊस नव्हता आणि भाद्रपदात डोक्याएवढा झाला, हेही बघितलंय, म्हणून पाइप उंच घ्या आणि त्याला ताणाच्या तारा द्या. उघड्या माळावर हा पाइप म्हणजे विजेला आमंत्रण, अर्थिंग केल्याशिवाय उभा करू नका. आणि हे तुमच्या स्वतःच्या कुटुंबापुरतं, तेही योजनेच्या अटीत बसत असेल तर. शेजारच्या आखाड्याला महिना पैसे घेऊन नेट दिलं की ते परवान्याशिवायचा धंदा ठरतं.

भावाचा आखाड्यावरचा नंबर टिकवायची खरंच गरज आहे का, हे त्याला विचारा. बहुतेकांना नसते. तसं असेल तर ती लाइन रीतसर सरेंडर करा, नुसती बिल भरणं थांबवू नका. नुसतं थांबवलं की थकबाकी चढते आणि तुमच्या दुकानाच्या रूपांतराच्या वेळी त्याच आडनावाची, त्याच पत्त्याची थकबाकी म्हणून कुणीतरी पुढे करतं.

राहिली दाद. माणूस आला नाही, नंबर गेला, बिल बंद लाइनचं येतंय, काहीही असो, तोंडी बोलण्याला किंमत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक घ्या. भागीदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज ही तक्रार नव्हे. उत्तर समाधानाचं नसेल किंवा मुदतीत आलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत आणि २०१२ च्या ट्रायच्या नियमांनुसार ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्रं लिहून वेळ घालवू नका. लाइन सलग तीन दिवसांहून जास्त बंद असेल तर भाड्यात सूट मागा; मागितल्याशिवाय ती सहसा आपणहून बिलात उतरत नाही.

अपिलातही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील सांगायचे, २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा दरवाजा टेलिकॉम ग्राहकाला उघडा असल्याचं स्पष्ट केलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टेलिकॉम सेवेचा उल्लेख आहेच. तिथे जाताना डॉकेट नंबर, अपिलाची प्रत आणि बिलं लागतात. नंबर गेल्यामुळे धंद्याचं नुकसान झालं म्हणायचं असेल तर जुन्या हिशोबपट्ट्याही जपून ठेवा. आयोगापुढे कंपनीचे वकील ‘ही धंद्यासाठी घेतलेली सेवा आहे, हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा आणतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेलं दुकान असेल तर कायद्यात त्याला जागा आहे, पण ते अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायला वकिलाला सांगा.

सरेंडरच्या वेळी जुना मोडेम कंपनीचा असेल तर परत करून पोच घ्या, अनामत रकमेच्या परताव्यासाठी बँक खात्याचा तपशील अर्जातच लिहा, आणि बँकेत जाऊन जुन्या बिलाचं ऑटोपे बंद करा. लाइन बंद झाली तरी ते आपोआप थांबत नाही.